कपाटातला ससा आणि इतर रहिवासी

नळ सोडून झाला, खिडकीतून डोकावून झालं, की घर बघायला आलेलं माणूस कपाटाकडे वळतंच. ते कपाट मालक जाताना बरोबर घेऊन जाणार आहे हे त्याला ठाऊक असतं. तरी उघडतं. लोकांच्या कपड्यांच्या घड्या बघायची हौस कुणाला नसते? एजंटबाईंचे केस याच धंद्यात पांढरे झाले होते, त्यामुळे त्या नव्या जोडप्यातली मुलगी कपाटाच्या मुठीला हात घालते आहे हे दिसलं, तरी त्या काही बोलल्या नाहीत.

दार उघडलं. आत स्वेटरांच्या घडीवर एक पांढराशुभ्र ससा बसला होता. तोंडात एका बाहीचं टोक, आणि चेहऱ्यावर 'दार वाजवून यायची पद्धत नाही का?' असा भाव.

मुलगी किंचाळली. तिचा नवरा खो-खो हसला. घराचे मालक म्हणजे इमारतीच्या कमिटीचे खजिनदार. ते धावत आले आणि कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

"पाहुण्यांचा आहे," ते म्हणाले. "आजच्यापुरता ठेवलाय."

"हो का," एजंटबाई म्हणाल्या.

पाहुण्यांच्या सशासाठी कपाटाच्या खालच्या कप्प्याला जाळी ठोकलेली होती, पाण्याची बाटली उलटी टांगलेली होती, आणि लाकडाचा एक कोपरा कैक वर्षांच्या मेहनतीनं कुरतडून गुळगुळीत गोल झालेला होता. असा मन लावून राहणारा पाहुणा कुठे मिळतो?

जोडपं खाली गेल्यावर खजिनदारांनी एजंटबाईंना दारात गाठलं. "ताई, हे आपलं आपल्यात हं. खाली पाटी आहे ना, उगाच चर्चा नको."

पाटी होतीच. लिफ्टच्या शेजारी, काचेच्या चौकटीत: 'या इमारतीत कोणताही प्राणी अथवा पक्षी पाळण्यास सक्त मनाई आहे.' खाली तीन सह्या. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार. तिसरी सही सगळ्यात ठसठशीत.

"घरात दिसलेलं मी दाराबाहेर नेत नाही," एजंटबाई म्हणाल्या. आणि ते खरं होतं. घरं दाखवणाऱ्या माणसाला काय काय दिसतं! नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या खोल्यांतली अंथरुणं दिसतात, उशीखालच्या औषधांच्या पट्ट्या दिसतात, सासूला न सांगता बांधून ठेवलेली खोकी दिसतात. हे सगळं पायपुसण्यावर झटकायचं आणि बाहेर पडायचं. ज्याच्या तोंडाला कुलूप नाही त्याच्या हातात लोक किल्ली देत नाहीत. या धंद्यात एवढं एकच भांडवल.

पण त्या दिवशी जिना उतरताना एजंटबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण कालच याच खजिनदारांनी, याच हातानं, नर्सबाईंचा अर्ज फेटाळला होता.

नर्सबाई म्हणजे निवृत्त परिचारिका. जन्म दवाखान्यात रात्रपाळ्या करण्यात गेला, नवरा गेला, मूलबाळ नाही. राहत होत्या त्या खोलीच्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला ती खोली महिनाअखेर हवी होती. त्यात त्याची चूक काही नव्हती, तो बिचारा सांगताना खाली मान घालून बोलत होता. नर्सबाईंना कुणीही घर दिलं असतं. पण त्यांच्याबरोबर साहेब होते.

साहेब म्हणजे कुत्रा. तांबूस, जाडजूड, एका डोळ्यानं अधू आणि कानांनी पार गेलेला. नाव असं का, तर म्हणे त्याच्यासाठी उठून दार उघडावं लागतं, आणि काम काही सांगता येत नाही. गावभर हिंडून एजंटबाईंनी घरं दाखवली होती. सगळीकडे एकच पाढा. "बाई चांगल्या आहेत हो, पण कुत्रं नको." एका घरमालकानं तर सल्ला दिला, "वय झालंय त्याचं. थोडी वाट बघायला सांगा, मग या." एजंटबाईंनी त्या माणसाचं नाव फोनमधून पुसून टाकलं होतं.

मग या इमारतीतलं तळमजल्याचं घर रिकामं झालं. मालक लेकीकडे राहायला गेले होते, त्यांची काही हरकत नव्हती. "कुत्रा असो नाहीतर घोडा," ते फोनवर म्हणाले, "खिडक्या उघडत जा म्हणावं, घर कोंदट होतं." मागे हातभर अंगण. एक पायरी चढायची नाही. साहेबांनी आत शिरून स्वयंपाकघरापर्यंत वास घेतला, जिथे उन्हाचा चौकोन पडला होता तिथे येऊन बूड टेकलं आणि लगेच घोरायला लागले. नर्सबाईंनी नळ बघितला नाही, खिडकी बघितली नाही, कपाटाकडे तर वळल्याही नाहीत.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता हलणार नाहीत ते."

पण भाडेकरू ठेवायचा तर कमिटीची संमती लागते. आणि कमिटीनं एका ओळीत नाही म्हणून कळवलं. नियमावर बोट ठेवून.

एजंटबाई नियमाला मान देणाऱ्या होत्या. तो नियम खरा असता तर त्यांनी नाक मुरडून का होईना, मुकाट्यानं दुसरं घर शोधलं असतं. पण वर कपाटात ससा बसलेला! जिन्यातून त्या तशाच अध्यक्षांच्या दाराशी गेल्या आणि घंटी वाजवली.

अध्यक्ष म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. आपणच बोलत राहायची सवय त्यांना धंद्यातून लागलेली. वर्षानुवर्षं तोंड समोरच्याचं उघडं, आणि बोलणारे हे. त्यांनी एजंटबाईंना खुर्ची दिली, स्वतः सोफ्यावर बसले आणि सुरू झाले.

"बघा बाई, व्यक्तिशः मला त्या नर्सबाईंबद्दल आदर आहे. पण नियम म्हणजे नियम. आज कुत्रा आला, उद्या…"

सोफ्याखालून कासव बाहेर आलं.

चांगलं जेवायच्या ताटाएवढं. ते बाल्कनीच्या दाराकडे निघालं होतं, आणि वाट दोघांच्या मधून जात होती. मांजर असतं तर सर्रकन गेलं असतं, दोघांनाही भास झाला म्हणता आलं असतं. कासवाला घाई नव्हती. त्यानं एक पाय टाकला. विचार केला. मग दुसरा टाकला.

अध्यक्षांनी नजर एजंटबाईंच्या कपाळावर रोवली आणि बोलत राहिले. दुसरा उपाय नव्हता. थांबले असते तर फरशीवर घासणारी नखं ऐकू आली असती. स्वच्छतेवर बोलले. लहान मुलांच्या सुरक्षिततेवर बोलले. वासावर बोलले, लिफ्टवर बोलले, मुद्दे संपले तेव्हा पुन्हा स्वच्छतेवर आले. एजंटबाई 'हं, हं' करत होत्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होत्या. गालिच्याच्या कडेला कासव अडलं. तेव्हा त्या मोठ्या माणसानं वाक्य न तोडता, पायातल्या चपलेच्या टोकानं गालिच्याचा कोपरा अलगद उचलून धरला. इतक्या मायेनं, की एजंटबाईंना क्षणभर त्यांच्याबद्दल बरं वाटलं. आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

"…तेव्हा आमचे हात बांधलेले आहेत," कासव बाल्कनीत पोचलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले आणि घाम पुसला.

"पाय मात्र मोकळे आहेत," एजंटबाई म्हणाल्या आणि उठल्या. त्यांना कळलं की नाही, देव जाणे.

आता राहिल्या सेक्रेटरीबाई. त्या पियानो शिकवायच्या. सकाळी मुलं यायची, दुपारी मोठी माणसं. बाई गोड बोलणाऱ्या, मऊ हातांच्या. कमिटीत बाईमाणूस एकच, निदान ती तरी समजून घेईल, असं एजंटबाईंना वाटलं होतं.

"अगं ताई, माझा जीव तुटतो," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "पण आवाज! माझ्या कामात शांतता नको का? कुत्रा भुंकला की…"

"तो भुंकत नाही. त्याला आता आठवतसुद्धा नाही कसं भुंकायचं ते."

"तरी पण, आवाज म्हटला की माझं डोकं…"

बाल्कनीत, चादरी वाळत घातल्या होत्या त्याच्या मागून, कुणीतरी विजयाची आरोळी दिली. कॉक-कॉक-कॉक-कॉकॉऽऽक! अंडं घातल्यावर कोंबडी जशी जगाला सांगते, तशी. सेक्रेटरीबाईंनी खुर्चीतून पियानोवर अशी उडी घेतली की त्यांच्या वयाला ती शोभली नाही. दोन्ही हातांनी दणादण वाजवायला लागल्या. बाहेरची थांबली, तर दुसरीनं उचललं. बाईंनी पायानं पेडल दाबून आवाज वाढवला.

"नवीन धडा बसवतेय!" त्या ओरडून म्हणाल्या.

"छान बसलाय!" एजंटबाईही ओरडल्या.

निघताना सेक्रेटरीबाईंनी कागदात गुंडाळून दोन अंडी हातात कोंबली. माणूस घाबरला की काहीतरी देतो. "घे गं. ताजी आहेत."

एजंटबाईंच्या तळव्याला अंडी कोमट लागली. "बाजारातून आणलीत?"

"आत्ताच," सेक्रेटरीबाई म्हणाल्या, आणि लाल झाल्या.

घरी येऊन एजंटबाईंनी पर्स आदळली. नवऱ्यानं अंडी तव्यावर फोडली आणि मुकाट ऐकून घेतलं. त्याला सवय होती.

"मग सांगून टाक ना सगळ्यांना," तो शेवटी म्हणाला.

"कसं सांगू? उद्या कुणी मला दारात उभं करेल का?"

"मग नको सांगू. पण मग एवढं रागवायचं कशाला?"

"राग माझा आहे! तो ठेवायला मला कुठल्या कमिटीची संमती लागत नाही!"

"बरं बाई," त्यानं घास तोंडात घातला. "पिवळं मात्र काय सुरेख आहे हो तुझ्या सेक्रेटरीबाईंचं. मायेनं पाळलीत."

"तेच तर!" एजंटबाईंनी ताट सरकवलं. "तेच तर डोक्यात जातं ना! पाळतात, जीव लावतात, चपलेनं गालिचे उचलतात! आणि दुसऱ्यानं आणलं की यांना वास येतो. नाकानं कांदे सोलणारी माणसं!"

रविवारी सकाळी कमिटीची बैठक होती, सायकली ठेवतात त्या खालच्या खोलीत. एजंटबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. खजिनदारांचं घर विकायचं होतंच, शिवाय आणखी एक विक्रीला निघालं होतं, आणि जाहिरात ठरवायची होती. नर्सबाईंनाही एजंटबाईंनी आपल्याबरोबर आणलं. नकार द्यायचा तर तोंडावर द्या म्हणावं. नर्सबाई इस्त्री केलेल्या कपड्यांत, मांडीवर पिशवी घेऊन, एका सायकलीशेजारी बसल्या होत्या. दवाखान्यात नातेवाईक बसतात तशा. साहेब शेजारणीकडे झोपले होते.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "आधी जाहिरात. बाई, एक वाक्य ठळक घालायचं. हल्ली त्याला फार मागणी आहे म्हणतात. लिहून घ्या. 'शांत, स्वच्छ, संपूर्ण प्राणीमुक्त इमारत.'"

एजंटबाईंनी पेन उघडलं होतं. त्यांनी ते बंद केलं.

"शांत लिहिते. स्वच्छ लिहिते. पुढचं नाही लिहिणार."

"का?"

"मी खोटी जाहिरात करत नाही."

एजंटबाई कुणाकडेही बघत नव्हत्या. त्या पेनाच्या टोपणाकडे बघत होत्या.

"खोटी म्हणजे?" अध्यक्षांचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?"

"काही नाही म्हणायचं. गिऱ्हाईक मला विचारतं, 'बाई, खरंच का?' मी त्याच्या तोंडाकडे बघून हो म्हणू शकणार नाही, इतकंच. घर गळतं तर गळतं म्हणून सांगते मी, तेव्हा कुठे लोक मला पुन्हा फोन करतात. दुसरा एजंट बघा तुम्ही. त्यालाही घरं आतून दाखवावी लागतील. सगळी."

खजिनदारांनी अध्यक्षांकडे चोरून बघितलं, म्हणजे हिनं यांना सांगितलं की काय. अध्यक्षांनी सेक्रेटरीबाईंकडे बघितलं, तेही त्याच भीतीनं. सेक्रेटरीबाई आपल्या नखांकडे बघत होत्या. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एकट्याचंच बिंग या बाईंना ठाऊक आहे. बाकीचे दोघं धुतल्या तांदळासारखे. एजंटबाईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही. शेजारी एक म्हातारी बाई पिशवी घट्ट धरून बसली होती, तिथे कसलं हसू?

"ते वाक्य तसं आवश्यकच आहे असं नाही," खजिनदार घाईनं म्हणाले.

"मुळीच नाही," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "आणि मी काय म्हणते, त्या नर्सबाईंचा विषय… म्हातारा कुत्रा आहे. एक अपवाद करायला काय हरकत आहे?"

"माणुसकीच्या नात्यानं," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा रंग परत यायला लागला होता. "अपवाद म्हणून. अर्थात अटी असतील. कुत्रा लिफ्टमध्ये आणायचा नाही. भुंकता कामा नये. आणि ये-जा मागच्या दारानं. इतर रहिवाशांचाही विचार करायला हवा ना."

आता मात्र एजंटबाईंचा तोल गेला. "अपवाद? तुम्ही अपवाद करणार? माणुसकीच्या नात्यानं? अहो, आधी ती पाटी…"

त्यांच्या मनगटावर एक हात आला. कोरडा, हलका, नाडी बघायला ठेवतात तसा.

"बाई," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "मला घर हवंय. भांडण नको."

एजंटबाई थांबल्या. घशापर्यंत आलेलं सगळं त्यांनी गिळलं. ससा, कासव, दोन कोंबड्या. फार मोठा घास होता.

नर्सबाई उठल्या, अध्यक्षांकडून कागद घेतला, चष्मा लावून अटी सावकाश वाचल्या आणि सही केली. वर "आभारी आहे" म्हणाल्या. अध्यक्षांनी मान अशी डोलवली, की जणू फी न घेता दाढ काढून दिली.

रस्त्यावर आल्यावर एजंटबाई फुटल्या. "सही कशाला केलीत? आणि वर आभार? त्यांचे? तुम्हाला माहीत नाही ती माणसं काय आहेत ते!"

"नसेल माहीत. पण अटी वाचल्या मी. तळमजल्यावर राहून मी लिफ्टमध्ये कशाला जाऊ? आणि साहेब भुंकत नाहीत."

"आणि मागचं दार?"

नर्सबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "ते लागलं मला," त्या म्हणाल्या. "पण चालेल. दवाखान्यातही आम्ही मागूनच जायचो."

महिना संपायच्या आधी त्या राहायला आल्या. सामान थोडंच होतं, टेम्पोवाल्यानं ते पटापट आत लावलं. शेवटी साहेब उतरले, फुटपाथवर चार पाय पसरून उभे राहिले आणि हलेनात. मागच्या दाराला जायचं तर इमारतीला वळसा. बोळात खडी पडलेली. नर्सबाईंनी पट्टा हलकेच ओढला. "चला हो साहेब, थोडंच आहे." साहेबांनी खडीकडे बघितलं आणि बसकण मारली.

एजंटबाई किल्ली द्यायला आल्या होत्या. बोळाकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं, पर्स खांद्यावर मागे ढकलली आणि खाली वाकून साहेबांना पोटाखालून हात घालून उचललं. जनावर दिसत होतं त्याहून जड निघालं. कंबरेत कळ आली.

"अहो बाई, काय करताय! अट आहे ना."

"तुमची आहे अट. मी कुठे सही केलीय? आणि ये-जा तो करत नाहीये, मी करतेय. माझ्या गिऱ्हाइकाला मी आजवर कधी मागच्या दारानं आत नेलं नाही, आणि आता या वयात नेणार नाही!"

पुढच्या दारात अध्यक्ष उभे होते. पेपर आणायला निघाले असावेत.

"बाई, ते मागच्या…" ते म्हणाले.

"वाचलंय मी," एजंटबाई धापा टाकत म्हणाल्या. "दार धरा."

"पण ठरल्याप्रमाणे…"

"दार धरा म्हटलं ना! हात मोकळे नाहीत माझे, दिसत नाही? वजन आहे याला!"

अध्यक्षांनी दार धरलं. साहेबांनी जाता जाता त्यांच्या बाहीचा लांबलचक वास घेतला, बराच वेळ, जुनी ओळख पटवावी तसा. अध्यक्ष हात मागे न घेता तसेच उभे राहिले.

आत येऊन एजंटबाईंनी कुत्र्याला फरशीवर ठेवलं आणि कंबर धरून एका खोक्यावर बसल्या. ऊन अजून त्या कोपऱ्यापर्यंत आलं नव्हतं; साहेब जिथे ठेवले तिथेच झोपले. नर्सबाईंनी एकेक खिडकी उघडली.

"असली माणसं!" एजंटबाईंनी सुरुवात केली. "वरून साळसूद, आणि आतून… सांगता येत नाही मला, नाहीतर सांगितलं असतं! आणि अपवाद करतात! उपकार केल्यासारखे! तोंडावर बोलायला हवं होतं मी, तुम्ही अडवलंत म्हणून, नाहीतर मी त्यांना…"

"चहा टाकते," नर्सबाई म्हणाल्या. "पण भांडी कुठल्या खोक्यात गेलीत कुणास ठाऊक. मी शोधते. तोवर तुम्ही रागावून घ्या."

एजंटबाईंनी मिळालेला वेळ वाया घालवला नाही. भांडी सापडेपर्यंत त्या मन लावून रागावल्या, आणि नर्सबाई एकामागून एक खोकं उघडत, मधूनमधून "हो ना," "खरंच हो," म्हणत राहिल्या.